डुप्लांटिस प्रत्येक वेळी एकच सेंटीमीटर का वाढवतो?

१५ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियोत जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेच्या पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे बांबूउडीत, स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने ६.३० मीटर उंचीवरची आडवी दांडी तिसऱ्या आणि अखेरच्या प्रयत्नात पार केली. सुवर्णपदक त्याने त्याआधीच, ६.१५ मीटरवर, निश्चित केले होते. रौप्यपदक जिंकणारा ग्रीसचा एमानुइल करालिस ६ मीटरवर थांबला होता. डुप्लांटिसचा हा चौदावा विश्वविक्रम होता आणि आधीच्या तेरा विक्रमांप्रमाणे तोही मागच्या उंचीपेक्षा नेमका एका सेंटीमीटरने जास्त होता. फेब्रुवारी २०२० मधल्या ६.१७ पासून या ६.३० पर्यंतची यादी पाहिली, तर मधला एकही आकडा सुटलेला दिसत नाही.

अशी बातमी वाचणाऱ्याला साहजिकच शंका येते की, ज्या खेळाडूला दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा तीस सेंटीमीटर उंच जाता येते, तो आपलाच विक्रम एकदम पाच किंवा दहा सेंटीमीटरने का मोडत नाही. शंका रास्त आहे. तिचे उत्तर द्यायचे तर ही स्पर्धा कशी चालते आणि माणूस एवढ्या उंचीवर जातो तरी कसा, हे आधी पाहावे लागते. कारण डुप्लांटिसचे वेगळेपण दांडीपाशी दिसत असले, तरी ते घडते दांडीच्या बरेच आधी, धावमार्गावर.

स्पर्धा कशी चालते

खेळाडू किमान ४० मीटर लांबीच्या धावमार्गावरून पोल हातात घेऊन धावत येतो आणि त्याचे टोक जमिनीत बसवलेल्या एका उतरत्या खाचेत रोवतो. ही खाच मागच्या बाजूला २० सेंटीमीटर खोल असते. पोल वाकतो, खेळाडू त्याला लटकून वर जातो, पाय डोक्याच्या वर नेतो, हवेतच वळून दांडी ओलांडतो आणि पलीकडच्या जाड गादीवर पडतो. ही दांडी साडेचार मीटर लांब असते आणि दोन खांबांवरच्या छोट्या खुंट्यांवर नुसती ठेवलेली असते, त्यामुळे तिला अंगाचा ओझरता स्पर्श झाला तर ती बहुधा थरथरून तिथेच राहते आणि जरा जोराचा धक्का लागला तर पडते. खाचेपासून दांडी किती मागे असावी हे खेळाडू ठरवतो, मात्र ते अंतर ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही.

दांडीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. सलग तीन प्रयत्न फसले की खेळाडू बाद होतो. एखादी उंची सोडून देण्याची मुभा असते आणि कोणत्या उंचीपासून सुरुवात करायची हेही खेळाडूच ठरवतो. या स्वातंत्र्यात मोठी जोखीम असते. आपली शक्ती वाचवण्यासाठी खेळाडूने फार वरच्या उंचीवरून सुरुवात केली आणि ती पार झाली नाही, तर त्याच्या नावापुढे कोणतीच उंची लागत नाही. युक्रेनचा सेर्गेई बुब्का या खेळातला त्याच्या काळातला निर्विवाद सर्वश्रेष्ठ खेळाडू होता. तरीही १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो एकही उंची पार न करता बाहेर पडला. टोकियोसारख्या स्पर्धेत डुप्लांटिस जेव्हा विक्रमाच्या उंचीपाशी येतो, तेव्हा त्याच्या पाच-सहा उड्या आधीच झालेल्या असतात आणि हाताशी तीनच प्रयत्न उरलेले असतात, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवायला हवी.

सहा मीटर उंची येते कुठून

पाहणाऱ्याला वाटते की खेळाडू दंडाच्या जोरावर स्वतःला वर ओढतो. दंडात ताकद लागतेच, पण उंचीचा सर्वांत मोठा वाटा धावण्याच्या वेगातून येतो. धावणाऱ्या शरीरात गतीमुळे जी ऊर्जा असते, ती पोल वाकताना पोलमध्ये साठते आणि पोल सरळ होताना शरीराला वर उचलण्यात खर्च होते.

यामागचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच आहे. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या माणसाची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलता आली, तर तो सुमारे ५.१० मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूभोवती शरीराचे वजन तोलले जाते तो बिंदू, आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो. हे दोन आकडे मिळवले की आपण सहा मीटरच्या वर पोहोचतो. प्रत्यक्षात पोल रोवताना बसणाऱ्या धक्क्यात काही ऊर्जा वाया जाते आणि दांडीच्या पलीकडे जाण्यासाठी थोडा पुढचा वेगही राखून ठेवावा लागतो. उलट पोलला लटकलेला असताना खेळाडू पोटाच्या, पाठीच्या आणि खांद्यांच्या स्नायूंनी पाय वर झोकतो आणि शेवटी पोलवर हात रेटतो, त्यातून नव्याने ऊर्जेची भर पडते. चांगल्या उडीत ही भर झालेले नुकसान बरेचसे भरून काढते.

या गणितात वेगाचा वर्ग येतो आणि म्हणूनच वेगातला किरकोळ वाटणारा फरक उंचीत मोठा होऊन बसतो. सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने धावणाऱ्याला याच सूत्राने सुमारे ४.६० मीटर मिळतात, दहा मीटरवाल्याला ५.१०. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढला की उंचीही अर्ध्या मीटरने वाढते. डुप्लांटिस धावमार्गाच्या अखेरच्या टप्प्यात सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त वेग गाठतो, तोही पाच मीटरहून लांब पोल हातात धरून. तो नुसता धावला तर किती वेगवान आहे, हे ४ सप्टेंबर २०२४ रोजी झ्युरिकमध्ये दिसले. ४०० मीटर अडथळा शर्यतीचा विश्वविक्रमवीर कार्स्टन वारहोल्म याच्याशी त्याने १०० मीटरची प्रदर्शनी शर्यत लावली आणि १०.३७ सेकंदांत ती जिंकली, वारहोल्मला १०.४७ सेकंद लागले. बांबूउडीच्या खेळाडूसाठी ही वेळ थक्क करणारी आहे आणि माझ्या मते त्याची कारकीर्द समजून घेण्यासाठी विक्रमांच्या यादीपेक्षा हा एक आकडा अधिक उपयोगी आहे.

वेग असून भागत नाही, तो पोलपर्यंत पोहोचवावा लागतो. शेवटच्या दोन-तीन पावलांत पोलचे टोक खाली उतरवत हात डोक्याच्या वर पूर्ण ताणलेले हवेत आणि पाय जमिनीवरून नेमक्या क्षणी सुटायला हवा. हात वर जायला क्षणाचा उशीर झाला, किंवा शेवटचे पाऊल खाचेच्या जास्त जवळ पडले, तर पोल खेळाडूला मागे ढकलतो आणि मिळवलेला वेग तिथेच संपतो. बहुतेक धावपटूंना बांबूउडी जमत नाही ती याच जागी. पूर्ण वेगात असताना समोरच्या खाचेत काठी रोवायची वेळ आली की शरीर आपोआप आखडते. डुप्लांटिस तिथे आखडत नाही.

मग श्रेय पोलचेच नाही का?

हा आक्षेप फायबरग्लासचे पोल आल्यापासून घेतला जातो आणि त्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने बांबूच्या काठीवर १९४२ साली ४.७७ मीटर उंची गाठली आणि तो विक्रम १९५७ पर्यंत टिकला, कारण बांबू किंवा त्यानंतर आलेले धातूचे पोल फारसे वाकत नाहीत. न वाकणारा पोल रोवताना सगळा धक्का खेळाडूच्या खांद्यांना बसतो, म्हणून पकड खाली ठेवावी लागते. १९६१ साली फायबरग्लासच्या पोलवर पहिला विश्वविक्रम झाला आणि १९६३ साली पाच मीटरची उंची सर झाली. साधनाने खेळ बदलला, हे निर्विवाद आहे.

मात्र पोल स्वतःहून काही देत नाही. चावीच्या खेळण्यात जेवढी चावी भरावी तेवढेच ते धावते, तसा पोल खेळाडूने त्यात घातलेली ऊर्जाच परत करतो, तीही थोडी कमी करून. नियमांत पोलच्या लांबीवर, जाडीवर किंवा पदार्थावर बंधन नाही. डुप्लांटिसचे प्रतिस्पर्धीही त्याच दर्जाचे पोल विकत घेऊ शकतात. अडचण अशी की अधिक ताठ पोल हळू धावणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. पुरेसा वेग नसेल तर तो पोल पुरेसा वाकत नाही, उभाच राहत नाही आणि खेळाडूला मागे धावमार्गावर फेकून देतो. ताठ पोलवर उंच पकड घेऊन उडी मारता येणे, हे खेळाडूने कमावलेल्या वेगाचेच प्रमाण असते.

यातून आणखी एक व्यावहारिक गोष्ट निघते. वेग आणि वजन वाढेल तसा पोल बदलावा लागतो, म्हणून गंभीरपणे खेळणाऱ्याला एक नव्हे, ताठपणाच्या चढत्या क्रमाने अनेक पोल लागतात. ते महाग असतात आणि घडी करता येत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये देव मीना आणि कुलदीप यादव या भारतीय खेळाडूंना सोबत पोल असल्यामुळे पनवेल स्थानकावर रेल्वेगाडीतून उतरावे लागल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांनी या खेळाचे साधन पहिल्यांदाच नीट पाहिले असेल. यातल्या देव मीनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५.३२ मीटरची उडी घेऊन राष्ट्रीय विक्रम केला होता आणि त्यानंतर तो आणखी वर नेला. भारतात १९८७ चा ५.१० मीटरचा विक्रम तीन दशके टिकून राहिला. असे का झाले याचे उत्तर शोधताना आपण खेळाडूंच्या शरीरयष्टीकडे बोट दाखवण्याआधी त्यांना पोल, खाच, गादी आणि प्रवासाची सोय किती मिळाली हे विचारायला हवे. ज्याला पुढचा ताठ पोल हाताळायलाच मिळत नाही, त्याचा वाढलेला वेग उंचीत उतरणार कसा?

परसातला धावमार्ग

डुप्लांटिसच्या बाबतीत ही सोय घरातच होती. त्याचा जन्म १० नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या लाफायेत येथे झाला. वडील ग्रेग स्वतः बांबूउडीचे खेळाडू, त्यांची सर्वोत्तम उडी ५.८० मीटरची. आई हेलेना स्वीडनची, हेप्टॅथ्लॉन या सात प्रकारांच्या स्पर्धेतली खेळाडू. घराच्या मागच्या अंगणात धावमार्ग, खाच आणि गादी होती. तीन-चार वर्षांचा असताना त्याने तिथे पोल हातात घेतला आणि सातव्या वर्षापासून त्याच्या वयाच्या मुलांमधल्या जगातल्या सर्वोत्तम उड्या त्याच्या नावावर लागू लागल्या. वडील तंत्र शिकवतात आणि आई शरीराची तयारी करून घेते, ही विभागणी पुढेही कायम राहिली. आईकडून मिळालेल्या नागरिकत्वाच्या आधारे त्याने २०१५ साली स्वीडनकडून खेळण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी जागतिक युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

जे तंत्र इतर खेळाडू तेराव्या-चौदाव्या वर्षी, पडण्याची भीती मनात बसल्यावर शिकू लागतात, ते त्याला भीतीची जाण येण्याआधी मिळाले. पूर्ण वेगात पोल रोवताना तो आखडत नाही याचे मूळ मला इथे दिसते. शाळेत असतानाच, १ एप्रिल २०१७ रोजी, त्याने ५.९० मीटरची उडी घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये बर्लिनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत अठराव्या वर्षी त्याने ६.०५ मीटर पार करून सुवर्णपदक मिळवले. तेव्हाचा विश्वविक्रमवीर, फ्रान्सचा रेनो लाविलेनी याच्यासारख्या मुरलेल्या खेळाडूला त्या दिवशी ५.९५ मीटरवर समाधान मानावे लागले.

ही वाट सरळ चढणीची मात्र नव्हती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना २०१९ च्या अमेरिकी विद्यापीठ स्पर्धेत मैदानी हंगामात तो क्रिस निल्सनकडून हरला. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत त्याने आणि अमेरिकेच्या सॅम केंड्रिक्सने सारखीच ५.९७ मीटरची उंची गाठली, पण चुकलेल्या प्रयत्नांच्या मोजणीत केंड्रिक्स सरस ठरला. जुलै २०२३ मध्ये मोनॅकोत, तो विश्वविक्रमवीर असताना, चौथा आला. त्यानंतर मात्र २०२५ चा हंगाम संपेपर्यंत त्याला कोणी हरवू शकले नाही. टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके लागोपाठ जिंकून त्याने अमेरिकेच्या बॉब रिचर्ड्सशी बरोबरी केली. १९५२ आणि १९५६ च्या रिचर्ड्सनंतर बांबूउडीत ऑलिम्पिक विजेतेपद कोणीही राखले नव्हते.

एक सेंटीमीटर म्हणजे पैशांचा हिशेब?

आता मूळ शंकेकडे येऊ. नियमानुसार विक्रम मोडण्यासाठी एक सेंटीमीटर पुरतो आणि त्याहून कमी वाढ मोजली जात नाही. विक्रमाला बक्षीस असते. टोकियोतील २०२५ च्या जागतिक स्पर्धेत विश्वविक्रमासाठी एक लाख डॉलर ठेवलेले होते. दहा सेंटीमीटरची उडी एकदम घेतली तर एक बक्षीस मिळते, एकेक करत गेल्यास दहा संधी मिळतात. हे डुप्लांटिसला ठाऊक आहे, जसे ते बुब्कालाही ठाऊक होते. व्यावसायिक खेळाडूने आपल्या कष्टाचा मोबदला वाढवण्याची रीत नियमांच्या चौकटीत निवडली, तर त्यात गैर काही नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

पण हे उत्तर अपुरे आहे. ते खरे मानायचे तर प्रत्येक सेंटीमीटर त्याच्या खिशात आधीच तयार आहे असे मानावे लागेल, आणि त्याच्या कारकिर्दीचा इतिहास तसे सांगत नाही. ८ फेब्रुवारी २०२० रोजी पोलंडमधल्या तोरुन येथे त्याने ६.१७ मीटर पार केले आणि आठवड्याभरात, १५ फेब्रुवारीला, ग्लासगोत ६.१८. त्या वेळी वाटले की ६.१९ महिनाभरात होईल. प्रत्यक्षात तो विक्रम ७ मार्च २०२२ रोजी बेलग्रेडमध्ये झाला. मधली दोन वर्षे तो स्पर्धा जिंकत होता, ऑलिम्पिक सुवर्णही जिंकला, आणि दांडी ६.१९ वर ठेवून पुन्हा पुन्हा अपयशी होत होता. तोवर त्याचे या उंचीवरचे पन्नासच्या आसपास प्रयत्न फसले होते. त्याने दांडी आणखी वर ठेवली असती, तर ही दोन वर्षे आणखी लांबली असती, एवढेच.

प्रत्येक उडी शरीराला महागात पडते, हेही इथे विचारात घ्यावे लागते. विक्रमाच्या प्रयत्नासाठी पूर्ण वेग हवा, तो दिवसभरात मोजक्याच वेळा गाठता येतो, आणि तोपर्यंत स्पर्धा जिंकण्यासाठी काही उड्या खर्च झालेल्या असतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने ६.१० पार करून ऑलिम्पिक विक्रम केला, मग थेट ६.२५ मागितले आणि तेही तिसऱ्या प्रयत्नात जमले. ६.१० आणि ६.२५ यांच्या मधल्या उंचींवर शक्ती खर्च करणे त्याला परवडणारे नव्हते. टोकियोत तर पहिले दोन प्रयत्न चुकल्यावर ६.३० झाले. शेवटच्या प्रयत्नावर टिकलेल्या विक्रमांना सहज म्हणणे योग्य नाही.

काही उड्यांत तो दांडीच्या बराच वरून गेल्याचे छायाचित्रांत दिसते, हे खरे. पण उडीचा सर्वोच्च बिंदू दांडीच्या नेमका वर यावा लागतो. तो थोडा आधी किंवा नंतर आला, तर पुरेशी उंची असूनही छाती किंवा हात दांडीला लागतो. छायाचित्रातली मोकळी जागा एका क्षणाची असते, दांडी मात्र पूर्ण शरीराने ओलांडावी लागते.

बुब्काशी तुलना

जुन्या वाचकांना बुब्का आठवतो आणि आठवायलाच हवा. १३ जुलै १९८५ रोजी पॅरिसमध्ये त्याने प्रथमच सहा मीटर पार केले, जागतिक स्पर्धेत सलग सहा सुवर्णपदके जिंकली आणि ३५ विश्वविक्रम केले. हा आकडा डुप्लांटिसच्या टोकियोपर्यंतच्या चौदापेक्षा एवढा मोठा दिसण्याचे एक कारण असे की, त्या काळी मैदानातले आणि छपराखालचे विक्रम वेगळे नोंदवले जात. बुब्काचे १७ विक्रम मैदानातले होते आणि १८ छपराखालचे. २००० सालापासून विश्वविक्रम कुठेही झाला तरी एकच मानला जातो. शिवाय दांडीच्या खुंट्या पूर्वी ७५ मिलिमीटर लांब असत, त्या नंतर ५५ मिलिमीटर करण्यात आल्या, त्यामुळे आज दांडी पूर्वीपेक्षा सहज पडते.

बुब्काने १९९३ साली दोनेत्स्क येथे छपराखाली ६.१५ मीटर पार केले होते. फ्रान्सच्या रेनो लाविलेनीने २०१४ मध्ये त्याच शहरात, बुब्काच्या उपस्थितीत, ६.१६ मीटर गाठले. म्हणजे १९९३ ते २०२० या २७ वर्षांत विक्रम एका सेंटीमीटरने पुढे सरकला आणि पुढच्या साडेपाच वर्षांत एका माणसाने तो चौदा सेंटीमीटरने सरकवला. एकेक सेंटीमीटरची वाढ कमी वाटणाऱ्यांनी हे दोन कालखंड शेजारी ठेवून पाहावेत.

आणखी किती उंच?

वर मांडलेल्या गणितानुसार या वेगाच्या आसपास दहा सेंटीमीटर उंची वाढवायला सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर जास्त वेग लागतो, म्हणजे सध्याच्या वेगाचा सुमारे शंभरावा हिस्सा. ऐकायला ही वाढ क्षुल्लक वाटते, पण जगातल्या सर्वांत वेगवान बांबूउडीपटूने आधीच कमाल वेग गाठलेला असताना तेवढीही वाढ अवघड असते, आणि तिच्याबरोबर अधिक ताठ पोल, थोडी उंच पकड आणि त्या दोन्हींना साजेसे पाऊल पुन्हा बसवावे लागते. यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या विस्कटतात, ६.१९ साठी गेलेली दोन वर्षे त्याचाच दाखला आहेत.

वय त्याच्या बाजूने आहे. टोकियोतील विक्रमाच्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता, तर बुब्काने १९९४ साली सेस्ट्रिएरे येथे आपला अखेरचा, मैदानातला ६.१४ मीटरचा विक्रम केला तेव्हा तो तिशीत पोहोचला होता. त्यानंतरही बुब्काने १९९५ आणि १९९७ च्या जागतिक स्पर्धा जिंकल्या, मात्र विक्रम पुन्हा झाला नाही, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधून त्याला टाचेच्या वरच्या स्नायुबंधाच्या दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने येऊन एका पायावर उसळी घेणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा मोठा भार याच स्नायुबंधावर येतो.